आधी खुर्ची, मग काटा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, रुग्णालयाच्या अधीक्षक बाईसाहेब. व्यासपीठावर बसलेले विश्वस्त आणि वरिष्ठ डॉक्टर मंडळी. पुढच्या आठवड्यापासून हा विभाग ज्यांच्या हाती जाणार आहे ते नवे विभागप्रमुख डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या डॉक्टरबाई. समोर बसलेल्या सिस्टर, ब्रदर, औषधांच्या खिडकीवरची मंडळी, माझ्यासारखे आजी-माजी पेशंट आणि त्यांच्याइतकीच दमलेली त्यांच्या घरची माणसं. आणि तिसऱ्या रांगेत बसून मला मघापासून हाताने ‘सावकाश, सावकाश’ अशी खूण करणारी माझी बायको, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी भाषण करणारा माणूस नाही. माझा धंदा शिवणकामाचा. आमच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे बोलायची सवय राहत नाही. गिऱ्हाईक बोलतं आणि आम्ही ‘हूं’ म्हणतो. पण अधीक्षक बाईसाहेब स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “मास्टर, पेशंटच्या वतीने तुम्हीच बोलायचं.” टाचण्या तोंडात होत्या, म्हणून मी ‘हूं’ म्हटलं. त्या समजल्या मी होकार दिला. असा मी आज इथे उभा आहे.

या सभागृहाशी माझं जुनं नातं आहे. पाहुण्यांच्या मागे हा जो मरून रंगाचा पडदा दिसतो, तो माझ्या हातचा. दुपारी या वेळेला वरच्या खिडक्यांतून ऊन तिरकं आत येतं आणि पडद्यावर हळूहळू सरकत राहतं. हा पडदा लावला त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसून ते ऊन पाहत राहिलो होतो. घरी जायचं विसरलो होतो. आजही माझं अर्धं लक्ष तिकडेच आहे, तर मध्येच हरवलो तर सांभाळून घ्या. डावीकडे, खालच्या कडेला, एक ठिगळ आहे पाहा. नीट पाहिल्याशिवाय दिसायचं नाही, तेवढी इभ्रत मी राखली आहे. ते ठिगळ कशाचं, ते ओघात येईलच.

तर मंडळी, याच व्यासपीठावर पूर्वी माझा एकदा सत्कार झालेला आहे. हसू नका, खरंच सांगतो. हार नव्हता, पण फुलांचा गुच्छ होता, मानपत्र होतं, फोटोवाला होता. माणसाचा सत्कार कशासाठी होतो? विद्वत्तेसाठी, सेवेसाठी, निदान वय झालं म्हणून तरी. माझा झाला तो वजन कमी केल्याबद्दल.

मी लहानपणापासून अंगाने भरलेला. आई कौतुकाने ‘माझा गब्दुल’ म्हणायची आणि गल्लीतली पोरं ‘तंबू’ म्हणायची. दोन्ही नावांना मी सारख्याच आनंदाने ओ द्यायचो, कारण मला वाटायचं, जाड माणसाने आनंदीच असायचं असतं. पुढे धंद्यात पडलो, लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं. सगळं सुरळीत. मग एके दिवशी एक गिऱ्हाईक सूट शिवायला आलं. मी माप घ्यायला वाकलो तर ते म्हणालं, “मास्टर, तुमच्या एका शर्टाच्या कापडात माझा अख्खा सूट निघेल की हो!” दुकानात बसलेले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आणि त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

एवढ्याशा बोलण्याने कुणी जेवण सोडतं का, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो. पण तशी बोलणी आयुष्यभर अंगावर साठलेली असतात, आणि कधीतरी एक साधंसं वाक्य शेवटचं येतं. मग दुसऱ्या दिवशीही डबा उघडला नाही. परतताना तो बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन टाकायचो आणि रिकामा डबा घरी आणायचो. बायको म्हणायची, “आज आवडलेलं दिसतंय.” मी म्हणायचो, “हूं.”

उपाशी राहणाऱ्या माणसाला एक गुंगी येते. मशीनचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. कापडाचे बारीक धागे उन्हात तरंगत असतात आणि आपणही त्यातलेच एक होऊन तरंगतो आहोत असं वाटतं. आपल्याला कुणाची गरज नाही, भाकरतुकड्याचीसुद्धा नाही, असा एक खोटा मोठेपणा येतो. खोटा म्हणतो, कारण त्याच वेळी मी गिऱ्हाइकांची मापं घेताना चुकत होतो, जिना चढताना कठड्याला धरून उभा राहत होतो आणि लहानसहान गोष्टींवरून बायकोच्या अंगावर ओरडत होतो. ती गुंगी हा आजार होता. पण मी आरशात पाहायचो आणि मला तिथे आजारी माणूस दिसायचाच नाही. रुंद खांद्यांचा, पोट सुटलेला माणूस आजारी कसा असेल? आणि तोही न जेवण्याच्या आजाराने?

शेवटी बायकोने धरून या रुग्णालयात आणलं. आता पुढचं जे सांगणार आहे, ते मी डॉक्टरबाईंना विचारून सांगतो आहे. त्या म्हणाल्या, “काका, हे सांगणार नसाल तर भाषणच करू नका.”

तेव्हा या विभागाची, म्हणजे खाण्याच्या आजारांच्या विभागाची, रीत अशी होती. पहिल्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, दाराशीच वजनाचा काटा ठेवलेला असायचा. आलेल्या माणसाने आधी काट्यावर चढायचं. सिस्टर आकडा मोठ्याने सांगायची. आकडा लहान असेल तर डावीकडची खोली, म्हणजे न जेवणाऱ्यांची. मोठा असेल तर उजवीकडची, म्हणजे जास्त जेवणाऱ्यांची. डावीकडच्या दारावर एक चित्र लावलेलं होतं. काडीसारखी बारीक, तरुण, सुंदर मुलगी आरशासमोर उभी आहे. हा आजार कुणाला होतो हे कळावं, म्हणून ते चित्र होतं. मी ते चित्र पाहिलं आणि मनात म्हटलं, तंबू, तू चुकीच्या मजल्यावर आलास.

तरी धीर करून बोललो. आमच्या डॉक्टरबाई नेमक्या बाहेर येत होत्या. मी म्हटलं, “डॉक्टर, मला जेवण जात नाही.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, “काका, तुम्ही उजवीकडे जा हं. तिथली मंडळी तुम्हाला छान मदत करतील.”

उजवीकडे एक हसतमुख तरुण डॉक्टर होता. त्याने मला कागदावर चित्रं काढून समजावलं की जेवण कमी करा. मी विचारलं, “आणखी?” तो टेबलावर थाप मारून म्हणाला, “शाब्बास काका! असा उत्साह पाहिजे!”

मंडळी, पेशंटने सांगितलेला आजार डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिला. मी आज्ञाधारक माणूस, घरी येऊन तेच औषध चालू ठेवलं.

आणि मग सुरू झाले अभिनंदनाचे दिवस. बाजारातून चालताना दहा ठिकाणी माणसं थांबवायची. “मास्टर, ओळखलंच नाही! काय करता सांगा की!” आमच्या टेलर संघटनेच्या अध्यक्षांनी तर ठरावच केला की मास्टरांचा जाहीर सत्कार करायचा, म्हणजे इतरांना स्फूर्ती मिळेल. हेच सभागृह आणि हाच पडदा. मला सांगितलं होतं की तुमची जुनी पँट घेऊन या. या इथे, जिथे आता मी उभा आहे तिथे, मला त्या पँटच्या एका पायात उभं केलं आणि कंबर दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगितली. फोटोवाला म्हणाला, “हसा!” लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फक्त एक बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती तेव्हाही तिसऱ्याच रांगेत बसली होती.

आणि लक्षात घ्या, तेव्हाही मी या सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा रुंदच होतो. म्हणून तर कुणाला काही वाटलं नाही.

मग ऊन सरकून माझ्या डोळ्यांवर आलं. मी पडद्याला धरायला गेलो आणि पडदा घेऊनच खाली कोसळलो. ठिगळ तेव्हाचं.

बेशुद्धीत मला एक स्वप्न पडलं. अजूनही ते अधूनमधून पडतं. हेच सभागृह आहे, पण माणसं नाहीत, नुसते कपडे आहेत. कोट, साड्या, गणवेश, लहान मुलांचे फ्रॉक, सगळे उभे, चालते-बोलते आणि आत कुणी नाही. एक कोट दुसऱ्या कोटाला म्हणतो, “किती छान दिसताय!” दुसरा लाजतो. गर्दीत माझाही सदरा होता. मी त्याच्याजवळ गेलो, कॉलर बाजूला करून आत डोकावलं आणि हाक मारली, “अहो, कुणी आहे का?” आतून उत्तर आलं नाही. मला फार रडू आलं.

जागा झालो तेव्हा संघटनेचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, “मास्टरांना आनंदाने भोवळ आली आहे, काळजीचं कारण नाही.”

तर असा मी, सत्कार झालेला माणूस, उन्हाळ्यातल्या एका दुपारी दुकानात बसलो होतो आणि बाई आल्या. पेशंटला बघायला नव्हे, त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या लांब होत होत्या म्हणून. एरवी कुठलाही कोट चालवून घेणाऱ्या बाई त्या दिवशी का आल्या, कोण जाणे. मी बाही दुमडून टाचणी लावायला लागलो. माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली आणि त्या दचकल्या.

“काका, बाहेर एवढं ऊन आहे आणि तुमचे हात इतके गार कसे?”

मी म्हटलं, “कात्रीचं लोखंड गार असतं हो.”

त्यांनी माझंच मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. दुकानातली गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. बघणारच! माप घेणाऱ्याचा हात धरणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“काल काय जेवलात?” बाईंनी विचारलं. मी सगळं जेवण सांगितलं, भात-भाजीपासून गोडापर्यंत. ते मला पाठच होतं, रोज घरी सांगायचो.

बाई म्हणाल्या, “हे पाठ केलेलं झालं. आता काल काय काय खाल्लं नाहीत, ते सांगा.”

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. हातातली टाचणी मी डबीत टाकली. मी सांगायला लागलो. सकाळची पोळी खाल्ली नाही. डब्यातली भाजी खाल्ली नाही, तिचा वास मात्र झाकण किलकिलं करून घेतला. मुलीने सासरहून केक पाठवला होता, तो तिच्या आईला म्हटलं मी खाल्ला, पण नाही खाल्ला. सांगता सांगता दुपार कलली. गिऱ्हाइकं कधी उठून गेली मला कळलं नाही. बाई काठ न शिवलेला कोट तसाच अंगात घालून स्टुलावर बसून ऐकत होत्या, टाचण्या टोचत असणार तरी हलल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला आत्ता ओळखलं. तुम्ही व्हरांड्यात मला म्हणाला होतात की जेवण जात नाही. आणि मी तुमच्याकडे बघायच्या ऐवजी काट्याकडे बघितलं.” त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. “काका, तुमचं शरीर मोठं आहे आणि तुम्ही उपाशी आहात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुमची नाडी उपासमार झालेल्या माणसाची आहे. हे असंच चालू राहिलं, तर तुमचं हृदय कधीही थांबेल. उद्या सकाळी या. आणि उजवीकडे जाऊ नका.”

मी वाचलो तो असा. यात माझा पराक्रम काहीच नाही. बरं होणं तर मला फारच वाईट जमत होतं. पहिल्या आठवड्यात उकडलेल्या बटाट्यासमोर बसून मी लहान मुलासारखा रडलो आहे, त्या बटाट्यालाही वाईट वाटलं असेल. बायको शेजारी बसायची, बोलायची नाही, आपलं ताट घेऊन सावकाश जेवत राहायची. हळूहळू हात गरम झाले, अंग भरलं, जिना पुन्हा जिन्याएवढाच वाटायला लागला. आणि बाजारात माणसं चुकचुकायला लागली, “अरेरे मास्टर, पुन्हा सुटलात!” या वेळी सत्कार वगैरे कुणी केला नाही.

बाईंनी मात्र मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, “पडदा शिवायचा आहे. काट्यासाठी.” मी म्हटलं, “का हो, काट्याला लाज वाटते की काय?” त्या म्हणाल्या, “त्याला नाही, मला वाटते.” तेव्हापासून या विभागाची रीत बदलली. दाराशी काटा नाही. आत आलं की आधी खुर्ची. बसायचं, पाणी प्यायचं, बोलायचं. कोण आहात, घरी कोण असतं, काल काय खाल्लं नाहीत. काटा तिथेच मागे, पडद्याआड. बोलणं झाल्यावर, लागलाच तर. डावी-उजवी खोली राहिली नाही, एकच झाली. चित्रातली मुलगीही गेली. तिचा खिळा राहिला, त्यावर सिस्टर आपली छत्री अडकवतात.

आणि मग काय काय माणसं त्या खुर्चीत बसली म्हणून सांगू! एक आजी आल्या, नवरा गेल्यापासून चहावर होत्या. सगळे म्हणायचे, या वयात भूक मरतेच. बाईंनी विचारलं तेव्हा कळलं, भूक जिवंत होती, आजींनीच तिला कोंडून ठेवलं होतं. व्यायामशाळेतला एक प्रशिक्षक आला, दंड माझ्या मांडीएवढे. लोकांना वाटायचं तब्येतीला जपतो, आणि तो पावाच्या तुकड्याला घाबरत होता. चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी आली. तिचं वाळलेलं अंग बघून प्रत्येक डॉक्टरने पायांकडे बोट दाखवलं होतं, ताटाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, “बस,” तर ती म्हणते, “आधी खुर्ची ना? मी घरूनच घेऊन आले आहे!” ती आज इथे आहे, आणि आत्ता माझ्याकडे बघून डोळे वटारते आहे, कारण हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. माफ कर हं बाळ.

या माणसांपैकी कुणीही त्या चित्रातल्या मुलीसारखं दिसत नव्हतं. आणि ती मुलगीही, बिचारी, खरीच आजारी असते. तिच्यासाठीही खुर्ची हवीच. एकीला जागा द्यायला दुसऱ्याला उठवावं लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. बायको पुन्हा ‘सावकाश’ म्हणते आहे.

नव्या विभागप्रमुख साहेबांशी माझी ओळख नाही. चेहऱ्यावरून चांगले वाटता, साहेब. खांदे जरा पाडून बसता, कोट मागून ओढला जातो, दुकानात या, मी ठीक करून देईन. पण असं कानावर आलं की पलीकडच्या नव्या इमारतीत विभाग हलणार, आणि तिथे दारातच एक यंत्र बसवणार. त्यावर पाय ठेवला की वजन बघून ते चिठ्ठी देईल, अमुक खोली, तमुक खोली. वेळ वाचेल म्हणतात. वाचेलही. माझ्या वेळी व्हरांड्यात तेवढाच वेळ वाचला होता. त्यापायी मी जायचा होतो.

निरोपाला सत्कारमूर्तींना भेट देतात. बाई, माफ करा, तुमच्यासाठी मी काहीच आणलं नाही. आणलं आहे ते साहेबांसाठी. हा पडदा. कापड जरा जाड घेतलं आहे, काटा अजिबात दिसायचा नाही. फक्त याची खालची दुमड शिवलेली नाही, कारण नव्या खोलीचं माप माझ्याकडे नाही.

साहेब, मान डोलावलीत, आभारी आहे. पण शिंप्याचं मान डोलावण्यावर भागत नाही, त्याला माप लागतं. काटा कुठे ठेवणार? दाराशी? …नाही? काय म्हणालात? “आत, खुर्चीच्या मागे.” जरा मोठ्याने म्हणता का साहेब, मागच्या रांगेपर्यंत गेलं नाही. …ऐकलंत ना सगळ्यांनी? अध्यक्ष बाईसाहेब, तुम्हीही ऐकलंत. उद्या सकाळी टेप घेऊन येतो.

संपवतो. एकच राहिलं. त्या सत्कारानंतर मी चारचौघांत कधी जेवलो नाही. घरी जेवतो, दुकानाच्या मागच्या खोलीत जेवतो, बायकोसमोर जेवतो. पण लग्नकार्यात, सभेत, कुणी बघत असताना हात उचलत नाही. बाईंना ठाऊक आहे. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, “समारंभाला येणार ना?” मी म्हटलं, “येईन. पण चहापानाला थांबणार नाही.” त्या म्हणाल्या, “मी आग्रह करणार नाही. माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवीन, एवढंच.”

मघापासून तुम्ही सगळे बघताय, व्यासपीठावर बाईंच्या शेजारी खुर्ची रिकामी आहे. कुणी बडा पाहुणा यायचा राहिला असेल असं तुम्हाला वाटलं असेल.

डॉक्टरबाई, तुम्ही निघालात, फार वाईट वाटतं आहे. तुमच्यामुळे माझ्या सदऱ्यात कुणीतरी आहे. याहून जास्त मला सांगता येत नाही. आयोजकांचे, तुम्हा सर्वांचे, आणि तेव्हा टाळ्या न वाजवलेल्या माझ्या बायकोचे आभार. बोलण्यात कुठे टाका सुटला असेल, कुणाला टाचणी लागली असेल, तर मोठ्या मनाने समजून घ्या.

सिस्टर, चहापानासाठी ठेवलेला तो केक जरा इकडे आणता? मोठा तुकडा द्या, लाजू नका. ऊन पडद्यावरून सरकत खुर्चीपर्यंत आलंच आहे, तर मीही बसतो. तोंडात घास असताना बोलू नये, असं आईने शिकवलं आहे, म्हणून इथेच थांबतो.